तीन नंबरची पाठ

पाणी हा माणसाच्या चारित्र्याचा अखेरचा न्यायाधीश आहे. 'जलावरण' हा धडा सुरू करताना नववीच्या वर्गाला हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकवलं. मला पोहता येत नाही. सोलापुरात हा न्यायाधीश चार दिवसांआड येतो, पहाटे येतो, दीड तास बसतो, आणि तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या भरता भरता चारित्र्याचा मुद्दा सुनावणीला यायचा राहूनच जातो. तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षी मी होडी वल्हवणाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं ते पाण्याच्या ओढीनं नव्हे, एवढं आधीच सांगितलेलं बरं. आरोग्यासाठीही नव्हे. माझं आरोग्य उत्तम आहे. जे बिघडलेलं आहे ते आरोग्यात मोडत नाही.

झालं असं, की सात रस्त्याच्या सिग्नलला मी स्कूटरवर उभा होतो आणि माझ्या हेल्मेटवर ठक् असा आवाज झाला. शेजारच्या रिक्षातून एक लांबलचक दांडा बाहेर आला होता. त्याच्या टोकाला पिवळं रंगवलेलं, फावड्यासारखं पातं होतं. बारा फुटांची वस्तू सहा फुटांच्या रिक्षात घालून कुणीतरी निघालं होतं, आणि तिचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या काखेतून पुढं निघून एका बसला दिशा दाखवत होतं. मग रिक्षातून एक डोकं बाहेर आलं आणि म्हणालं, "लागलं का ओ?" ते डोकं मल्लिकार्जुनचं होतं. माझ्या हेल्मेटची काच खाली होती. चौदा वर्षांनी तो माणूस माझ्याशी बोलला, आणि तेही हेल्मेटला उद्देशून. मी मान हलवली. हेल्मेटमधून होकार आणि नकार सारखाच दिसतो. सिग्नल सुटला, रिक्षा गेली, मागचा टेम्पोवाला माझ्या आईबापांची चौकशी करू लागला, आणि मी तिथंच उभा राहिलो. मला वल्ह्याचं काही वाटलं नाही. तो उन्हानं रापला होता, गुडघ्यापर्यंत चड्डी घालून बसला होता, आणि सुखी दिसत होता. हे मला चालण्यासारखं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. ती लपवण्याचा मला एवढा सराव झालाय, की हात बसला आहे. आणि हात बसलेल्या कामात मजा राहत नाही. मल्लिकार्जुन आणि मी एका शाळेत भूगोल शिकवायचो. तो मंद्रूपचा, मी इथलाच. एकवीस वर्षांपूर्वी पर्यवेक्षकाची जागा निघाली. तो माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी सेवाज्येष्ठ होता. तीन महिने म्हणजे काय, एक उन्हाळा. त्या उन्हाळ्याच्या बदल्यात मी संस्थेला एक पत्र लिहिलं, डाव्या हातानं, की सदर शिक्षक शाळेच्या वेळेत बाहेरच्या खोलीत शिकवण्या घेतात. चौकशी बसली. तो शिकवण्या घेतच होता. तक्रार खरी होती, हे मी आजही छातीला हात लावून सांगेन. खोटं मी आयुष्यात लिहिलेलं नाही. त्या पत्रात फक्त नाव लिहिलं नव्हतं. त्याला संस्थेच्या नातेपुत्याच्या शाखेत पाठवलं, सहा वर्षं. मी पर्यवेक्षक झालो आणि सहा वर्षं घंटा वेळेवर होते की नाही ते पाहिलं. ती वेळेवर होत होती. शिपाई आधीपासूनच चांगला होता.

त्याला माहीत आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. पुढं तो परत सोलापुरात आला, पण दुसऱ्या शाळेवर. अधूनमधून कुणाच्या लग्नात पंगतीच्या त्या टोकाला दिसायचा, हात वर करायचा. त्या हात वर करण्यात काय होतं? मी रात्र रात्र त्या हाताचा अर्थ लावला आहे. माहीत असून हसणारा माणूस एक. माहीत नसून हसणारा वेगळा. पहिल्याचा मला मनापासून द्वेष करता आला असता. दुसऱ्यासमोर स्वतःचा करावा लागला असता. यातलं काहीच नक्की ठरेना म्हणून एकवीस वर्षं दोन्ही थोडं थोडं करत आलो, आणि थोडं थोडं केलेलं कुठलंच काम अंगी लागत नाही. सात रस्त्यावरून घरी येताना मी ठरवलं, की या माणसाच्या जवळ जाऊन बसायचं, आणि काय ते काढायचं.

"पोहता येत नाही आणि होडीत बसणार?" यशोदा, म्हणजे आमची ही, म्हणाली.

"जॅकेट देतात."

"जॅकेट बुडत नाही. त्यातला माणूस घसरून खाली जातो."

हिचं भौतिकशास्त्र कच्चं असलं तरी निष्कर्ष नेहमी माझ्याबद्दल असतात, त्यामुळे वाद होत नाही.

मंडळ हिप्परग्याच्या तलावावर भरतं. भरतं म्हणजे पत्र्याची एक शेड, तीत जमिनीवर बसवलेली दोन वल्हवायची यंत्रं, आणि लाकडी घोड्यांवर ठेवलेली एक लांब, अरुंद, पांढरी होडी. ती पुण्याहून जुनी आणलेली. तिला होडी म्हणणं जिवावर येतं. होडी म्हटल्यावर पोट डोळ्यासमोर येतं, हिला पोटच नव्हतं. सुईला बसायला चार जागा केल्या तर होईल तसं ते प्रकरण होतं. शिकवणारा ऋतुराज हा तिशीचा, फौजेत असताना वल्हवायला शिकलेला, आणि फौजेतून सुटल्यावर आमच्यासारख्यांच्या हाती लागलेला. त्यानं पहिल्या दिवशी होडीच्या कडेवर टिचकी मारून दाखवली. "सर, ही कातडी पापडासारखी असते. पाण्याचा भार पेलते, तुमच्या अंगठ्याचा नाही. कुठंही हात टेकायचा नाही, पाय तर नाहीच." मी हात मागं घेतला. आयुष्यात माझ्या हाताला एवढं महत्त्व कुणी दिलं नव्हतं.

"अरे, मोहोळकर सर," मागून आवाज आला. "तुमी पण? या की, या." हे 'या की' त्यानं असं म्हटलं, जणू तलाव त्याच्या वाडवडिलांनी खणला होता. दोन्ही हातांनी माझा हात धरला. हात खरखरीत झाला होता, तळव्यावर घट्टे. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. एकतीस वर्षं पेपर तपासणाऱ्याला उत्तर येणारा आणि न येणारा यांचे डोळे ओळखू येतात. याच्या डोळ्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं दिसलं, बाकी काही नाही.

दोन आठवडे यंत्रावर काढल्यावर मला होडीत घेतलं. चार जण वल्हवणार, पाचवा ऋतुराज टोकाशी बसून सुकाणू धरणार. आता या खेळातली मुख्य गोष्ट सांगतो, ती मला कुणी आधी सांगितली असती तर मी कॅरम खेळलो असतो. यात सगळे पाठमोरे बसतात. होडी जिकडं जाते तिकडं एकट्या ऋतुराजचं तोंड. बाकी चौघं, जिथून निघालो तिकडं पाहत, जिकडं जायचं तिकडं पाठ करून जोर लावतात. मी पन्नास वर्षं असाच जगत आलो, पण त्यासाठी पहाटे साडेपाचला उठून चड्डी घालावी लागत नव्हती. चार नंबरला वैजयंतीबाई, निवृत्त परिचारिका, ज्यांच्या हातचं इंजेक्शन मी एकदा घेतलं आहे आणि त्याबद्दल त्यांना माफ केलेलं नाही. एक नंबरला उदयसिंह, टेंभुर्णीचे, दोन ट्रक बाळगून असलेले. दोन नंबर मी. आणि माझ्या डोळ्यांपुढं, हातभर अंतरावर, तीन नंबरची पाठ.

"मोहोळकर सर, फक्त तीन नंबरची पाठ बघायची," ऋतुराज म्हणाला. "ती वाकली की तुम्ही वाकायचं. ती उठली की उठायचं. वल्ह्याकडं बघू नका, पाण्याकडं बघू नका. तिसरं काही डोक्यात आणू नका."

तिसरं काही नव्हतंच डोक्यात. मी जवळ जाऊन बसायचं म्हणालो होतो. नशीब ऐकतं कधीकधी, पण नीट ऐकत नाही. तोंड हवं होतं, पाठ मिळाली. सकाळी सहा ते सव्वासात, आठवड्यातून पाच दिवस, मी त्या पाठीचा असा अभ्यास केला, की तिची परीक्षा असती तर मी पहिला आलो असतो. मानेवर डावीकडं तीळ. त्याच्याखाली गळ्यातल्या शिवदाऱ्याची गाठ, घामानं काळी पडलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. वर्षानुवर्षं त्या बाजूला पिशवी अडकवली की असा उतरतो. नातेपुत्याची पिशवी. मी ती पाहिलेली आहे. एका सोमवारी पहाटे मी कुणाला तरी सोडायला एसटी स्टँडवर गेलो होतो, आणि तो फलाटावर उभा होता, खांद्याला खाकी पिशवी, हातात डबा, टेंभुर्णीवरून जाणाऱ्या गाडीची वाट पाहत. मी रसवंतीच्या मागं सरकलो. चरक बंद होता, उसाचं चिपाड पडलेलं, त्यावर माश्या. त्या वासात मी पंधरा मिनिटं उभा राहिलो. गाडी आली, तो चढला, खिडकीतून डोकं बाहेर काढून थुंकला, तेही माझ्याच दिशेनं. म्हणजे दिशा तीच होती. मला पाहिलं असेल असं नाही. यावर मी नंतर बराच विचार केला.

पाण्यावर कुणी बोलत नाही. चार वल्ही एकदम पाण्यात पडतात तो एक आवाज, सरकत्या जागांचा घर्र एक, आणि काठावरच्या पंपाचा धपधप. पाणकावळे खांबांवर पंख पसरून बसलेले असतात, धुणं वाळत घातल्यासारखे. माझं वल्हं पहिले आठ दिवस पाण्यात अडकायचं. पातं तिरकं पडलं की पाणी ते धरून ठेवतं आणि दांडा पोटात बसतो. याला ते लोक खेकडा म्हणतात. मला खेकडा लागला की मागून उदयसिंह म्हणायचे, "सर, गिअर काढा की." आणि पुढची पाठ थांबायची. वळायची नाही. होडीत कुणी वळत नाही, वळलं तर चौघं पाण्यात. ती नुसती थांबायची, आणि तिच्यातून आवाज यायचा, "असू द्या, असू द्या. मला पण महिनाभर लागत होता." त्या 'असू द्या'नं माझं पित्त खवळायचं. काय असू द्या? किती असू द्या? याची काही हद्द आहे का?

आणि मग जे व्हायला नको तेच व्हायला लागलं. मला जमू लागलं. पाठ वाकली की मी वाकू लागलो, ती उठायच्या आत मला कळू लागलं की आता उठणार. तिचा श्वास भरला की माझा भरायचा. ज्या माणसाचं मी वाटोळं केलं, त्याची मी रोज सव्वा तास नक्कल करत होतो, आणि ती हुबेहूब वठल्याबद्दल माझं कौतुक होत होतं. घरी भाकरी खाताना यशोदा म्हणाली, "असं डोलून काय खाताय?" मी पाहिलं तर खरंच, घास त्या चालीवर चालले होते. रात्री कूस बदलताना मला वाटायचं, मंद्रूपकडच्या त्या घरात तोही आत्ताच वळला असणार. इतकं जवळ माझ्या कुणी नव्हतं. बायकोचीही पाठ मला एवढी पाठ नाही. आणि त्या जवळिकीनं द्वेष कमी होईल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कुणाच्या मागं बसलेले नाही.

त्याची आई गेली ती एका बुधवारी. तो नातेपुत्याला होता. फोन शाळेत गेला, निरोप चौथ्या तासाला मिळाला, दुपारची गाडी चुकली. पोचला तेव्हा सगळं उरकून माणसं अंघोळी करून बसली होती. मी भेटायला गेलो. पर्यवेक्षक म्हणून जावंच लागतं. अंगणात सतरंजीवर तो बसला होता, आणि त्यानं माझा हात धरला होता, दोन्ही हातांनी, आत्ता शेडमध्ये धरला तसाच, आणि म्हणाला होता, "तुमी आलात, बरं वाटलं." मी त्या हातातून माझा हात सोडवून घेतला आणि सवयीनं घड्याळ पाहिलं. तीन चाळीस झाले होते. हे मला का आठवतं ते माहीत नाही. दुसरं काही आठवत नाही, त्याच्या आईचा चेहराही नाही, तीन चाळीस तेवढे आठवतात.

तर खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापुरात जे जे चालतं, फिरतं, कापतं, त्याची पूजा होते. यंत्रमागांना हार, शिवणयंत्रांना हार, न्हाव्याच्या कात्रीलाही हळद-कुंकू. मंडळाच्या होडीनं काय घोडं मारलं होतं? वैजयंतीबाईंनी झेंडूचे हार आणले, वल्ही भिंतीला ओळीनं लावली, प्रत्येकाला कुंकू लावलं. ऋतुराज आम्हाला थांबायला सांगून मोटरबोटीसाठी पेट्रोल आणायला गेला. उदयसिंहांनी पिशवीतून नारळ काढला. मी तो उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडायला घेतला तर त्यांनी माझा हात धरला.

"तितं न्हाय सर. गाडीवर फोडायचा."

"ही गाडी नाही."

"चालती का न्हाय? मग गाडीच की. माझ्या दोनी ट्रकांच्या बंपरवर फोडतो मी दरसाली. दगडावर फोडला तर पूजा दगडाची झाली."

यात तर्कदृष्ट्या मला चूक सापडेना. वैजयंतीबाई म्हणाल्या, "सगळ्यात मोठं कोण? त्यांनी फोडा." मल्लिकार्जुन म्हणाला, "मोहोळकर सर मोठे." मी म्हणालो, "छे, तुम्ही सेवाज्येष्ठ." हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला, देव जाणे. शेडमध्ये कुणालाच त्यात काही दिसलं नाही. मल्लिकार्जुन माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "सेवेचं राहू द्या, वयाचं बोला. तुमी मार्चातले, मी जुलैतला. फोडा." त्याला माझा महिना माहीत होता. माझ्या मुलाला माहीत नाही. आणि त्या हसण्याकडं बघत, त्याच्यात काय आहे ते शोधत, मी नारळ उचलला आणि होडीच्या टोकावर जोरानं हाणला.

बद्द असा आवाज झाला. नारळ खाली पडला, घरंगळत दारापर्यंत गेला, अखंड. होडीच्या टोकाला तळहाताएवढं भोक पडलं होतं, आणि त्यातून आतला अंधार दिसत होता. वैजयंतीबाईंनी नारळ उचलून कानाशी हलवला. "पाणी भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "नारळ चांगला निघाला."

ऋतुराज डबा घेऊन दारात आला तेव्हा आम्ही चौघं भोकाभोवती उभे होतो. त्यानं डबा खाली ठेवला. होडीजवळ गेला, भोकात दोन बोटं घातली आणि बाहेर काढली. त्याची हनुवटी थरथरत होती. "कुणी केलं हे?" माझं तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगतो, उघडलेलं होतं, चांगलं मोठं, दाताच्या डॉक्टरपुढं उघडावं तेवढं. त्यातून काही येईना. आणि माझ्या डाव्या बाजूनं, रोज सकाळी असू द्या म्हणणाऱ्या त्याच आवाजात, मल्लिकार्जुन म्हणाला, "मी मारला."

"तुम्ही, सर? तुम्ही तरी..." ऋतुराज म्हणाला. उदयसिंह छताकडं बघू लागले. वैजयंतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं, नस सापडत नसली की पाहतात तसं. माझं तोंड मी मिटलं. "मी नीट करून देतो," मल्लिकार्जुन म्हणाला. "होईस्तवर मला पाण्यावर नेऊ नको." आणि ऋतुराज खरोखरच म्हणाला, "नाहीच नेणार." सहा वर्षं नातेपुतं झालं ते मी चिठ्ठीनं केलं होतं. हे मी नुसतं तोंड मिटून केलं. वयानं माणसाचं काम सोपं होतं.

त्या दिवसापासून मी त्याचा जो द्वेष केला त्यापुढं आधीची एकवीस वर्षं म्हणजे पूर्वतयारी. कोणी सांगितलं होतं याला? कुणाच्या परवानगीनं? माझा गुन्हा माझ्यासमोर उचलून हा खिशात घालतो, आणि मी बघत राहतो. चोरी याहून वेगळी काय असते? तो रोज सकाळी येऊन शेडच्या कोपऱ्यात होडीपाशी बसायचा. उदयसिंहांनी ट्रकची बॉडी करणाऱ्याकडून फायबरचं कापड आणि चिकटवायचं रसायन आणून दिलं होतं. आम्ही तिघं पाळीपाळीनं यंत्रावर. आणि यंत्रावर मला जमेना. पुढं भिंत होती. भिंत वाकत नाही, भिंत श्वास घेत नाही. चार ओढींनंतर माझी चाल तुटायची, साखळी खडखडायची, ऋतुराज म्हणायचा, "सर, काय झालं तुम्हाला? इतकं छान बसलं होतं." डावीकडून पॉलिश पेपर घासल्याचा आवाज यायचा, खस, खस, एका लयीत, आणि चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी त्या आवाजावर वल्हं ओढतोय.

पाचव्या दिवशी मी पाच वाजताच गेलो. शेडचं दार उघडं होतं. तो होडीच्या टोकाशी स्टुलावर बसला होता, चष्मा कपाळावर, बोटांना पांढरी भुकटी. भोकावर कापडाचा तुकडा बसवलेला होता, बाभळीच्या डिंकासारखा पिवळा, अजून ओला. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो, मागं नव्हे.

"नारळ मी मारला होता," मी म्हणालो.

"व्हय. मी तिथंच उभा होतो की."

"मग तुम्ही का सांगितलंत तसं?"

"तुमी तोंड उघडून उभे. आवाज येईना. पोरगं रडायच्या बेताला आलेलं. कुणीतरी बोलायला नको का?"

एवढंच. त्यात थोरपणा नव्हता, उपकार नव्हता. रस्त्यात गाय आडवी बसली म्हणून हॉर्न वाजवावा तेवढंच. आता माझ्या तोंडून पुढचंही सुटणार हे मला कळत होतं, आणि मी थांबू शकलो नाही.

"ते पत्रही मीच लिहिलं होतं."

"कुठलं?"

मला संताप आला. जणू रोज सकाळी दुधाबरोबर याला पत्रं येत होती. "नातेपुत्याचं."

"हां, ते," तो तुकड्याबाहेरची कड घासत म्हणाला. "ते माहीत हाय."

बाहेर पाणकावळ्यांचा कलकलाट चालला होता. मी होडीखालच्या घोड्याला धरलं. "कधीपासून?"

"चौकशीत वाचून दाखवलं की, तवापासून. 'सदर खोली शाळेच्या आग्नेयेस अंदाजे एकशे वीस मीटरवर आहे.' कोण लिहितं ओ असं? साधा माणूस लिहितो, 'पानटपरीच्या मागं.' शाळेत भूगोलाचे मास्तर दोन. एक मी. आणि मी काय माझ्याविरुद्ध अर्ज केला नव्हता." त्यानं पॉलिश पेपर झटकला. "त्यात आग्नेय पण चुकलीवती. दक्षिणेला होती खोली."

"आग्नेयच होती."

"दक्षिण. सकाळी खिडकीतनं ऊन येत नव्हतं."

"खिडकी पश्चिमेला होती म्हणून."

"असेल," तो म्हणाला. आणि मला हरल्यासारखं वाटलं, कारण तो हरला होता.

"मग एकवीस वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलून काय नातेपुतं जवळ आलं असतं?" त्याचा आवाज पहिल्यांदा जरा वर गेला. "माफ केलंय असं काही समजू नका, मोहोळकर सर. लई शिव्या दिल्यात तुम्हाला. मराठीत दिल्या, कानडीत दिल्या. दर सोमवारी टेंभुर्णीपर्यंत शिव्या, तितून पुढं झोप. नंतर नंतर झोप मोहोळातच लागायला लागली, मी काय करू? शिव्यांना पण दम लागतो." तो थांबला. पेपर बोटांत फिरवत राहिला. "आईचं तेवढं..." असं म्हणाला आणि बोटांवरची भुकटी फुंकली.

मी उभा होतो. तो आता काहीतरी करेल अशी माझी खात्री होती. शेजारी पडलेली पत्र्याची पट्टी तो फेकून मारेल. उठून बाहेर जाईल आणि ऋतुराजला, वैजयंतीबाईंना, सगळ्या सोलापूरला सांगेल. रडेल कदाचित, मी त्याचीही तयारी केली, खिशातला रुमाल चाचपला. काहीही चाललं असतं. एकवीस वर्षांचं जे काही होतं ते या पत्र्याच्या शेडमध्ये आता माझ्या अंगावर कोसळणार, आणि मी ते झेलणार, पुरतं, एकदाच, तोंडावर. माझ्या छातीत भरलेला श्वास मी सोडला नव्हता. त्याचा सुटायची वाट पाहत होतो.

त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. माझ्याकडं नीट पाहिलं, डोक्यापासून हातापर्यंत, आणि हातांपाशी थांबला. मग स्टुलाखालून चिकटपट्टीचं रीळ काढून माझ्यापुढं धरलं.

"याचं टोक सापडेना बघा मघापासनं," तो म्हणाला. "तुमची नखं वाढलेली दिसतायत. जरा काढून देता का?"